नाकारणाऱ्यांवरही देवाची करुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देव प्रेमळ आहे हे ऐकायला कुणालाच जड जात नाही. अडचण त्याच्या पुढच्या प्रश्नाची आहे. जो देवाला तोंडावर 'नको' म्हणतो, त्याचे काय? बायबल अभ्यासात, प्रार्थनेनंतरच्या बोलण्यात, कधी मध्यरात्री आलेल्या एखाद्या निरोपात हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत समोर येतो. खाली त्यातले नेहमीचे प्रश्न घेतले आहेत. वचनांचे संदर्भ दिले आहेत. ते उघडून मागचा-पुढचा भागही वाचावा, कारण या विषयात सुटे वचन हाती धरून फार गोंधळ झालेला आहे.

देवाला नाकारणाऱ्यांविषयी बायबलमध्ये राग आहे की दया?

दोन्ही आहेत, आणि पुष्कळदा एकाच अध्यायात, एकाच तोंडून. मत्तय २३ वाचून पाहा. येशू शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) आणि परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक) यांना एकामागून एक खडे बोल सुनावतो. शुभवर्तमानांत इतकी कडक भाषा दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्याच अध्यायाच्या शेवटी तोच येशू यरुशलेमेला दोनदा नावाने हाक मारतो आणि म्हणतो की, तुझ्या लेकरांना जवळ घ्यावे असे मला कितीदा वाटले, पण तुमची इच्छा नव्हती (२३:३७). अध्याय मध्येच मिटला तर नुसता राग हाती लागतो. फक्त शेवट वाचला तर नुसती माया. नकारामुळे देवाची करुणा आटत नाही, आणि करुणा आहे म्हणून नकार झालाच नाही असेही शास्त्र कुठे म्हणत नाही. पुढची सगळी उत्तरे या दोन गोष्टी एकत्र धरूनच दिली आहेत.

येशू यरुशलेमेसाठी का रडला?

लूक १९:३६-४४ सावकाश वाचावे. त्या दिवशी गर्दी त्याच्या बाजूने होती. जैतूनांच्या डोंगराच्या उतरणीवर शिष्यांचा जयघोष चालला होता, लोक वाटेवर आपली वस्त्रे पसरत होते. काही परूश्यांनी शिष्यांना गप्प करायला सांगितले, तेव्हा हे गप्प राहिले तर धोंडे ओरडतील, असे उत्तर त्याने दिले. लगेच पुढच्या वाक्यात शहर दृष्टीस पडते आणि तो रडतो. ज्याच्या नावाने जल्लोष चालला आहे, त्याच्याच डोळ्यांत त्या जल्लोषात पाणी आहे.

का, ते तो स्वतःच सांगतो. शांती कशाने मिळेल हे या शहराला कळले असते तर! आता ते त्याच्या डोळ्यांआड आहे. शत्रू तुझ्याभोवती मेढेकोट उभारतील, तुला चारी बाजूंनी कोंडतील, दगडावर दगड राहू देणार नाहीत, कारण देव तुझ्या भेटीला आला ती वेळ तू ओळखली नाहीस. सुमारे चाळीस वर्षांनी, इ.स. ७० मध्ये, तीत या सेनापतीच्या हाताखालच्या रोमी सैन्याने वेढा घालून शहर घेतले आणि मंदिर जळून गेले.

या विलापात एक गोष्ट नाही, आणि ती नाही हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. काही दिवसांतच हे शहर त्याला वधस्तंभावर देणार होते. त्या मरणाचा एक शब्दही इथे येत नाही. आपल्याला नाकारले याचे दुःख माणूस स्वतःभोवती गुंडाळून घेतो. इथे सारे दुःख नाकारणाऱ्यांवर काय ओढवणार याचे आहे. 'मग भोगा आता' हा सूर त्यात कुठेही नाही.

जैतूनांच्या डोंगराच्या त्या उतारावर आज 'दोमिनुस फ्लेविट', म्हणजे 'प्रभू रडला', या नावाचे छोटे देऊळ आहे. अंतोनियो बार्लुत्झी या इटालियन वास्तुविशारदाने बांधलेले हे देऊळ १९५५ मध्ये पूर्ण झाले. त्याचे छत अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे आहे, आणि वेदीमागच्या खिडकीतून समोर थेट जुने शहर दिसते.

कोंबडी आणि पिल्लांचा दाखला कुठे आहे?

मत्तय २३:३७ मध्ये आणि लूक १३:३४ मध्ये. कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसे यरुशलेमेच्या लेकरांना घ्यावे असे मला वाटले, असे येशू तिथे म्हणतो. लूकमध्ये त्याच्या जरा आधी, येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद या सत्ताधीशाला 'कोल्हा' म्हटले आहे (१३:३२). कोल्हा मोकाट असताना येशू स्वतःसाठी सिंहाची नव्हे, पंख पसरून बसलेल्या कोंबडीची उपमा निवडतो. तिच्याकडे ना नखे, ना सुळे. पिल्लांना वाचवायचे तर स्वतःचे अंग मध्ये घालायचे, एवढेच ती करू शकते.

जुन्या करारातला देव कठोर आणि नव्या करारातला प्रेमळ, हे खरे आहे का?

नाही. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या शिक्षकाने जवळपास हेच शिकवले आणि मंडळीने ते नाकारले. तरीही हा समज अजून टिकून आहे, कारण जुना करार फार थोडे लोक पूर्ण वाचतात.

होशेय ११ घ्या. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, इस्राएलच्या उत्तर राज्याच्या अखेरच्या काळात बोललेला हा संदेष्टा. देव इथे आईबापासारखा बोलतो: मी एफ्राइमला (म्हणजे या उत्तर राज्याला) चालायला शिकवले, त्याला हाताला धरून चालवले, वाकून खाऊ घातले. मी जितके बोलावले तितके ते दूर गेले. मग निकाल येतो: तलवार त्यांच्या नगरांवर फिरेल. इथे बोलणे संपेल असे वाटते, आणि तिथेच ते मोडते. 'एफ्राइमा, मी तुला कसा सोडू?' सदोमाबरोबर नष्ट झालेल्या अदमा आणि सबोईम या नगरांसारखे तुझे कसे करू? माझे काळीज आतल्या आत पालटले आहे, असे देव म्हणतो (११:८).

पुढचे वचन तर आपली नेहमीची समजूतच उलटी करते. आपण म्हणतो, माणूस आहे, त्याला दया येणारच. देव मात्र न्यायाला पक्का. होशेय म्हणतो की मी देव आहे, माणूस नव्हे, म्हणून मी रागाने भडकून येणार नाही (११:९). तो माफ करतो ते देव असूनही नाही, देव असल्यामुळेच. हे होशेयाने कोरडे सांगितलेले नाही. त्याची बायको गोमेर घर सोडून गेली होती. सोडून गेलेल्या स्त्रीवर पुन्हा प्रेम कर, अशी आज्ञा त्याला झाली, आणि त्याने पंधरा शेकेल रुपे आणि जव मोजून तिला परत आणले (३:१-२). अशा माणसाच्या तोंडी हे शब्द आहेत.

इतिहास मात्र इथे झाकायला नको. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तर राज्याची राजधानी शोमरोन घेतलीच. देवाचे काळीज तुटले म्हणून नकाराचे परिणाम टळले, असे झाले नाही.

आणखी तीन ठिकाणे नोंदवून ठेवावीत. निर्गम ३४:६-७ मध्ये परमेश्वर स्वतःला 'दयाळू, मंदक्रोध' म्हणतो, आणि ते सोन्याचे वासरू पुजणाऱ्यांच्या बाबतीत, त्या घटनेच्या पाठोपाठ. यशया ६५:२ मध्ये बंडखोर लोकांकडे तो दिवसभर हात पसरून उभा आहे. यहेज्केल ३३:११ मध्ये तो शपथेवर सांगतो की दुर्जनाच्या मरणात मला आनंद नाही. फिरा, तुम्ही का मरता?

योनाला राग का आला?

देवाला दया येईल याची त्याला खात्री होती म्हणून. निनवे हे अश्शूरांचे शहर, त्याच्या लोकांच्या वैऱ्यांचे. तिथे जाऊन इशारा दे, अशी आज्ञा होताच हा संदेष्टा आधी पळून गेला होता. ते वाचले तेव्हा तो देवालाच म्हणाला, तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी पळालो (योना ४:२). निर्गम ३४ मधली कृपेची वाक्ये तो तक्रार म्हणून म्हणून दाखवतो! ग्रंथ देवाच्या प्रश्नावर थांबतो: उजवा-डावा हात न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या या शहराची मी कीव करू नये काय? योनाचे उत्तर लिहिलेले नाही. वाचणाऱ्याला स्वतःचे द्यावे लागते. शत्रूवर दया झालेली मला चालेल का, हा प्रश्न देवाच्या करुणेवर चर्चा करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

इतकी करुणा आहे तर न्याय आणि शिक्षा कशाला?

याचे एक उत्तर पीडितांच्या बाजूने आहे. मत्तय २३ मधला राग कुणावर आहे? विधवांची घरे गिळणाऱ्यांवर, इतरांवर जड ओझी लादणाऱ्यांवर, संदेष्ट्यांचे रक्त सांडणाऱ्यांवर. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना 'जाऊ दे, झाले ते झाले' असे सांगणारा देव करुणामय ठरत नाही. दया एकट्या अपराध्याच्या वाट्याची नाही.

दुसरे उत्तर इच्छेशी जोडलेले आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात देवाच्या क्रोधाचे वर्णन करताना पौल तीनदा म्हणतो की, देवाने त्यांना त्यांच्या वासनांच्या हाती सोडून दिले (१:२४, २६, २८). क्रोध म्हणजे इथे आकाशातून पडणारी वीज नाही. माणूस जे मागत राहिला ते त्याला मिळणे, हेच त्याचे रूप आहे. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बापही धाकट्या मुलाला मालमत्तेतला त्याचा वाटा देतो आणि जाऊ देतो. त्याला खोलीत कोंडून ठेवले असते तर मुलगा घरात राहिला असता, पण मुलगा म्हणून नव्हे.

आणि विलापगीत ३:३३ विसरू नये: देव माणसांना मनापासून दुःख देत नाही. हे वाक्य यरुशलेमेच्या राखेत बसून लिहिलेल्या ग्रंथातले आहे. ते स्वस्त सांत्वन नव्हे.

फारोचे मन देवानेच कठीण केले ना? मग त्याचा दोष कसा?

फारो म्हणजे इस्राएली लोकांना गुलामीतून सोडायला तयार नसलेला मिसरचा राजा. निर्गमात दोन्ही विधाने आहेत. परमेश्वराने त्याचे मन कठीण केले (९:१२), आणि फारोने स्वतः आपले मन कठीण केले (८:१५, ८:३२). पीडांच्या कथेत आधी फारोने केल्याचे येते. ८:१५ नीट वाचा: बेडकांची पीडा टळली, त्याला उसंत मिळाली, आणि उसंत मिळाली असे पाहून त्याने मन कठीण केले. म्हणजे दया झाली, आणि तीच त्याने हट्टाला खतपाणी म्हणून वापरली. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने यासाठी सूर्याचा दाखला दिला होता: एकाच उन्हाने मेण वितळते आणि चिखल टणक होतो.

यातून सगळे कोडे सुटत नाही. रोमकरांस ९ मध्ये पौल हाच प्रसंग घेऊन देवाच्या सार्वभौमत्वावर बोलतो आणि तिथे तो फारोची बाजू सावरायला जात नाही. पण मिसर देश देवाच्या मनातून कायमचा उतरला, असेही नाही. यशया १९:२५ मध्ये देव त्यालाच 'माझे लोक' म्हणून आशीर्वाद देतो.

येशूने यहूदा इस्कर्योताचेही पाय धुतले का?

हो. यहूदा म्हणजे येशूला धरून देणारा त्याचाच शिष्य. योहान १३ मधला क्रम पाहिला की ते स्पष्ट होते. पाय धुण्याचे काम १२ व्या वचनापर्यंत संपते, आणि यहूदा बाहेर पडतो तो ३० व्या वचनात. कोण धरून देणार हे येशूला आधीच ठाऊक होते (१३:११). ठाऊक असताना त्याने कमरेला रुमाल गुंडाळला, घंगाळात पाणी ओतले आणि त्याच पायांना हात लावला, जे थोड्याच वेळाने शत्रूंकडे चालत जाणार होते. नंतर घास बुडवून त्याच्या हातात दिला. बागेत चुंबन घेऊन धरून दिले, तेव्हाही मत्तयाच्या वृत्तांतात येशू त्याला 'मित्रा' म्हणतो (२६:५०).

याच यहूदाविषयी 'तो जन्मलाच नसता तर बरे झाले असते' असेही येशूने म्हटले आहे (मार्क १४:२१). हे वाक्य मी धिक्कार म्हणून वाचू शकत नाही. ज्याचे पाय आत्ताच धुतले किंवा धुणार, त्याच्याविषयीचा तो आक्रोश वाटतो.

थोरल्या मुलाचे पुढे काय झाले?

सांगितलेले नाही, आणि ते जाणूनबुजून असावे.

उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर आला हे निसटून जाते. एकदा धाकट्यासाठी धावत, दुसऱ्यांदा थोरल्याची समजूत घालायला. थोरला आत यायला तयार नाही. तो बापाला 'बाबा' म्हणत नाही, भावाला 'भाऊ' म्हणत नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप त्याला 'बाळा' म्हणतो आणि हळूच 'हा तुझा भाऊ' असे सुधारून देतो.

गोष्ट कुणाला सांगितली, ते लूक १५:१-२ मध्ये आहे. येशू पाप्यांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्री लोकांना. म्हणजे नाकारणारे लोक समोरच बसले आहेत आणि येशू त्यांना दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाची जागा दाखवतो आहे, बापाच्या विनवणीसकट. शेवट त्यांनीच करायचा होता. नकार नेहमी देव सोडून दूर देशी गेलेल्यांचाच असतो असे नाही. घरात राबणाऱ्यांचाही असतो, आणि तो ओळखायला जास्त वेळ लागतो.

श्रीमंत माणूस निघून गेला, तेव्हा येशूने त्याला परत का बोलावले नाही?

मार्क १०:२१ मध्ये एक छोटे वाक्य आहे: येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला त्याच्यावर प्रेम आले. त्यानंतर अवघड अट सांगितली: आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन गेला, आणि येशूने अट खाली आणली नाही, मागे धावून सौदाही केला नाही. प्रेम खरे असले तरी समोरचा निघून जाऊ शकतो.

'यरुशलेमेने नाकारले' म्हणजे यहुदी लोकांनी नाकारले का?

असे वाचणे चुकीचे आहे, आणि या चुकीने शतकानुशतके रक्त सांडले आहे. रडणारा यहुदी होता, त्याचे शिष्य यहुदी होते, जयघोष करणारी गर्दीही यहुदी होती. होशेय, यिर्मया, येशू हे सगळे आपल्याच माणसांसाठी रडले. घरातल्या माणसाचे अश्रू उचलून बाहेरच्यांनी त्या घरावर फेकायचे दगड बनवले, याची लाज ख्रिस्ती माणसाला वाटलीच पाहिजे.

पौलाने रोमकरांस ११ मध्ये साफ लिहिले आहे की देवाने आपल्या लोकांना टाकले नाही, आणि त्याची कृपादाने व पाचारण माघारी घेतली जात नाहीत (११:१, २९). रोमन कॅथलिक मंडळीने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे स्पष्ट केले की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही.

शेवटी सर्वांचेच तारण होईल का?

ख्रिस्ती परंपरेत यावर एकमत नाही. ओरिगेनचा कल अखेर सगळी सृष्टी देवाकडे परतेल अशा आशेकडे होता. नंतरच्या काळातला धर्मगुरू ऑगस्टिन याने त्याला ठाम विरोध केला, आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांवर त्याचीच छाप राहिली. कृपा नाकारता येते की नाही, यावर पुढे आर्मिनियसचे अनुयायी (नाकारता येते म्हणणारे) आणि कॅल्विनच्या मताचे लोक (नाही म्हणणारे) यांच्यात वाद पेटला, आणि १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेने आर्मिनियसच्या बाजूविरुद्ध निकाल दिला. वाद अजून चालू आहे.

शास्त्रातली दोन्ही वचने जागच्या जागी ठेवावीत. सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे (१ तीमथ्य २:४), कुणाचा नाश व्हावा असे त्याला वाटत नाही (२ पेत्र ३:९). आणि मत्तय २५:४६ मधली ताटातूटही आहे. मला वाटते, आशा सर्वांसाठी धरावी, प्रार्थना सर्वांसाठी करावी, आणि एखाद्या ठरावीक माणसाचे नाव घेऊन तो गेला कुठे हे जाहीर करण्याचा हक्क कुणीही स्वतःकडे घेऊ नये.

पवित्र आत्म्याविरुद्धचे पाप माझ्याकडून झाले असेल का?

मार्क ३:२८-३० मध्ये हा इशारा आहे, आणि तो कुणाला दिला तेही तिथेच आहे: येशू भुते काढतो हे डोळ्यांनी पाहून ते सैतानाचे काम आहे असे म्हणणाऱ्या शास्त्र्यांना. दडपणात, आजारात किंवा रागात मनात येऊन गेलेला विचार म्हणजे हे पाप नव्हे. त्या भीतीने तुमची झोप उडत असेल, तर तुमचे मन देवाकडेच ओढ घेते आहे. एकट्याने कुढत बसू नका. पाळकाशी बोला, आणि भीती सुटतच नसेल तर डॉक्टरांशीही बोला.

वर्षानुवर्षे मीच पाठ फिरवली. आता उशीर झाला का?

मनश्शे राजाने यरुशलेमेत ५५ वर्षे राज्य केले, आपल्या मुलांना अग्नीतून चालवले, मंदिरात मूर्ती बसवली. कैदेत गेल्यावर तो दीन झाला, आणि देवाने त्याची विनवणी ऐकली (२ इतिहास ३३). शौल मंडळीचा छळ करत होता. पुढे पौल म्हणून त्याने लिहिले की माझ्यावर दया झाली ती ख्रिस्ताची सहनशीलता इतरांना दिसावी म्हणून (१ तीमथ्य १:१६). मत्तयाच्या वृत्तांतात येशूबरोबर वधस्तंभावर दिलेले दोघेही लुटारू त्याची निंदा करतात (२७:४४). लूकमध्ये त्यांच्यातला एक शेवटच्या तासांत येशूकडे वळतो आणि 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे ऐकतो. ज्याच्याकडे परतफेडीसाठी एक दिवसही उरला नव्हता, त्याला हे वचन मिळाले.

घरातले माणूस विश्वास सोडून गेले आहे. मी कसे वागावे?

शोमरोनी (यहुद्यांशी वैर असलेल्या लोकांच्या) गावाने येशूला उतरू दिले नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले. येशूने गावाला नव्हे, या दोघांना धमकावले, आणि ते दुसऱ्या गावी गेले (लूक ९:५२-५६). तेव्हा आधी आपल्या हातातला अग्नी खाली ठेवा: टोमणे, प्रत्येक जेवणाला उपदेश, 'बघशील एक दिवस' ही धमकी.

मग दुःख होऊ द्या. आपल्या लोकांसाठी मला अखंड वेदना आहेत, असे पौलाने उघड लिहिले (रोम ९:२). ते दुःख देवापुढे मोकळे करा, त्या माणसावर ओझे म्हणून घालू नका. त्याच्या वाढदिवसाला फोन करा, आजारपणात जा, त्याच्या शंका मध्येच न तोडता ऐका. त्याने विचारले तर आपला विश्वास सांगा, आणि नाही विचारले तरी त्याच्यासाठी पान मांडायचे थांबवू नका.

वाचायला कुठून सुरुवात करू?

लूक १५ पासून, मग लूक १९:२८-४४. त्यानंतर होशेय ११ एका बैठकीत, आणि योनाचे चारही अध्याय. अर्ध्या तासात होतात. रोमकरांस ९ ते ११ मात्र कुणाबरोबर तरी बसून वाचा, आणि नववा अध्याय वाचून झाल्यावर तिथेच थांबू नका.